चोवीस दिवस टिकवायचा दात

माझा वरचा पुढचा दात पहिल्यांदा हलला तो शूटिंगच्या नवव्या दिवशी, नाश्त्याला. पोह्यातला शेंगदाणा चावला आणि दात मागं सरकल्यासारखा वाटला. जिभेनं ढकलला तर पुढं आला. परत ओढला तर मागं गेला. मी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. वर्गातल्या निम्म्या पोरांचे दात पडून गेले होते आणि माझा एकही पडला नाही म्हणून मला शाळेत चिडवायचे. त्या सकाळी मात्र मी बशी खाली ठेवली, तोंड मिटून घेतलं आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

घाबरण्याचं कारण साधं होतं. आमच्या चित्रपटातली सगळी गोष्ट एका दिवसात घडायची. सकाळी एका पोरीची म्हैस दावं तोडून जाते, पोरगी दिवसभर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या रानात तिला शोधत फिरते आणि संध्याकाळी म्हैस सापडते. पडद्यावर एक दिवस, पण शूटिंग चोवीस दिवसांचं. तेही उलटसुलट. आज संध्याकाळचा प्रसंग, उद्या सकाळचा. त्या चोवीस दिवसांत माझे केस वाढायला नकोत, गुडघ्यावरचं खरचटलेलं बरं व्हायला नको, फ्रॉकचं तुटकं बटण तुटकंच राहायला हवं. हे सगळं सांभाळायला एक ताई होती. ती रोज सकाळी माझे फोटो काढायची आणि पहिल्या दिवसाच्या फोटोशी ताडून बघायची. पहिल्याच दिवशी तिनं मला समोर बसवून बजावलं होतं, "पडायचं नाही, नखं कापायची नाहीत, आजारी पडायचं नाही. तुझ्याआधी एक मुलगी निवडली होती. तिला कांजिण्या आल्या, मग तू आलीस."

तिनं ते हसत सांगितलं. मी ते हसण्यावारी घेतलं नाही.

माझी निवड आमच्या महापालिकेच्या शाळेत झाली. दुपारी खिचडीच्या रांगेत एक माणूस कॅमेरा घेऊन नेमका पातेल्यासमोर उभा होता. मी ताट घेऊन मागनं ओरडले, "ओ पावणं, बाजूला व्हा की! खिचडी संपालीया!" तो वळला आणि मला बोलतं करत राहिला. मी बोलत राहिले. आमच्याकडं बायका-पोरीसुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. माझं ते बोलणं ऐकून तो सारखा मान हलवत होता. पुढं तोच दिग्दर्शक निघाला. पुण्या-मुंबईच्या पोरी बघून दमलो होतो, त्यांना कोल्हापुरी बोलायला शिकवावं लागतं, असं त्यानं आईला सांगितलं.

आईला आनंद झाला. पप्पांना झाला नाही. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर होते, पाळी बदलती. दोन दिवसांनी ते आईला म्हणाले, "एक महिना. वर एक दिस न्हाय. तिच्याबरोबर तू ऱ्हायचंस. आणि पोरीला जरा जरी काय झालं, तर पहिला फोन मला."

आई म्हणाली, "व्हय."

नवव्या दिवशी दुपारी जेवताना मी भाकरी चावेना तेव्हा आईनं मला झाडामागं नेलं आणि म्हणाली, "आ कर." मी केला. तिनं बोटानं दात हलवून बघितला. तिचं बोट माझ्या तोंडात तसंच राहिलं.

"कवापासनं?"

"सकाळपासनं. आई, मला काढून टाकतील?"

तिच्यापुढं दोन वाटा होत्या. ताईला सांगायचं किंवा पप्पांना सांगायचं. तिनं तिसरीच धरली. "जीभ लावायची न्हाय त्याला," ती म्हणाली. "आन कुणाला बोलायचं न्हाय."

त्या दिवसापासून मी दुधात कुस्करलेल्या भाकरीवर आणि मऊ भातावर राहिले. युनिटमधल्या माणसांना आई सांगायची, पोटाला जड होतंय तिच्या. सकाळी ताई फोटो काढायला आली की आई मागं उभी राहायची. ताई म्हणायची, "हस बघू." मी ओठ ताणून हसायची, पण दातावर दात दाबून, तो पुढं झुकू नये म्हणून. फोटो निघेपर्यंत माझ्या कानाजवळचं हाड दुखायला लागायचं.

आम्हाला गावात एक खोली भाड्यानं दिली होती. आईनं पिशवीतून बुद्धांचा छोटा फोटो आणला होता. रोज सकाळी निघण्याआधी आम्ही वंदना म्हणायचो, मग पंचशील. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील आलं की आईचा आवाज बारीक व्हायचा. मला वाटायचं, तिचा घसा बसलाय. संध्याकाळी पप्पांचा फोन यायचा. "पोरगी बरी हाय न्हवं?" आई म्हणायची, "लई मजेत हाय." मग फोन माझ्या कानाला लावायची आणि माझ्याकडं बघत राहायची. मीही म्हणायची, "मजेत हाय पप्पा."

सेटवर माझ्याच वयाची आणखी एक पोरगी होती. चित्रपटात ती माझी मैत्रीण. माझ्याएवढीच उंच, माझ्यासारखीच सावळी, आणि तिचे पुढचे दोन्ही दात नवे, मोठे, पक्के. मला काढलं तर हिलाच घेतील, हे मी मनात धरून चालले होते. दिग्दर्शक तिच्याशी दोन वाक्यं जास्त बोलला तरी मी जवळ जाऊन कान द्यायची. बाराव्या दिवशी आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुझा दात हलालाय."

"न्हाय."

"हलालाय. माझा पडलाय, मला कळतंय."

मी उठून गेले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याकडं बघून नुसती हसायची. एकदा ताई जवळून जात असताना तिनं हळूच विचारलं, "सांगू?" मी तिला माझ्या वाटणीचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या ट्रॉलीवर बसायची माझी पाळी दिली. ती मागत नव्हती. मीच देत होते.

पंधराव्या दिवशी पेरूचा प्रसंग आला. आम्ही दोघी झाडाखाली बसून म्हैस कुठल्या वाटेनं गेली असेल ते बोलतोय, असा. खाण्याचं कागदावर काहीच नव्हतं. आयत्या वेळी दिग्दर्शकाला शेजारी पेरूचं झाड दिसलं. त्यानं एक पेरू तोडून माझ्या हातात दिला. हिरवागार, दगडासारखा. "हे खात खात बोल. पहिला मोठा घास घे, मग बोल."

मी आईकडं बघितलं. ती कॅमेऱ्यामागं, पदराचं टोक दातात धरून. तिनं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

पहिल्या टेकला मी पेरू तोंडाच्या कडेला नेऊन दाढेनं चावला. दिग्दर्शक म्हणाला, "म्हातारीसारखी काय खायलीस गं? समोरनं चाव की." दुसऱ्या टेकला मी पेरू तोंडाशी नेला आणि वाक्य विसरल्याचं नाटक केलं. तो चिडला. सगळे माझ्याकडं बघत होते. ताईसुद्धा, हातातला कागद बाजूला ठेवून. तिसरा टेक सुरू झाला. मी पेरू ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले.

तेवढ्यात पेरू हातातून गेला. मैत्रिणीनं तो हिसकावून घेतला, कराकर मोठा लचका तोडला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "तुझी म्हस घावंना आन तुला खायाचं सुचतंय व्हय गं?"

हे वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं. मी खरोखर चिडून तिच्या अंगावर गेले, पेरू परत ओढायला. दिग्दर्शक खूश. "हेच! हेच पायजे हुतं!"

नंतर मी तिला विचारलं, "का केलंस?" ती म्हणाली, "तू पांढरीफट पडली हुतीस. आन मला भूक लागलती." एवढंच. ती सांगेल म्हणून मी चार दिवस मेल्यासारखी वागत होते आणि तिच्या डोक्यात तसलं काही नव्हतंच. त्या दिवसापासून ताई जवळ आली की ती मुद्दाम बडबड सुरू करायची.

विसाव्या दिवशी म्हैस सापडण्याचा शॉट होता. सूर्य डोंगराआड जायच्या आधीचा पिवळा उजेड हवा होता आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो. शॉट चुकला तर दुसरा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ आलं तर सगळंच लांबणार. दिग्दर्शकानं मला समजावलं. "त्या टेकाडावरनं पळत यायचं. खाली डबक्यात म्हस दिसंल. थांबायचं. श्वास घ्यायचा. आन म्हणायचं, 'कुठं उलथली हुतीस गं?' लई मोठ्यानं. दिवसभराचा राग सगळा त्यात आला पायजे."

मी टेकाडावर जाऊन उभी राहिले. खालनं आवाज आला आणि मी सुटले. अर्ध्या उतारावर पाय दगडावरून घसरला. पडले नाही, पण हनुवटी छातीवर आपटली आणि तोंडात काहीतरी कट्कन वाजलं. जिभेवर खारट चव आली, आणि एक बारीक कठीण तुकडा.

मी थांबले नाही. थांबले तर उजेड जाईल, एवढंच डोक्यात होतं. म्हशीसमोर येऊन उभी राहिले. आता बोलायचं होतं. बोलले असते तर दात बाहेर पडला असता, रक्त दिसलं असतं. मी ओठ घट्ट मिटले. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती. मला काही सुचेना. डोळ्यांत पाणी आलं. म्हशीसाठी नाही, आता मला काढणार म्हणून. मी पुढं गेले आणि तोंड लपवायला तिच्या मानेत डोकं खुपसलं. किती वेळ ते माहीत नाही. 'कट' ऐकू येईना. म्हशीच्या अंगाचा ओला वास नाकात शिरत होता आणि मी रक्त गिळत होते.

मग 'कट' झालं आणि टाळ्या वाजल्या. दिग्दर्शक धावत आला, मला उचललं. "बोलली का न्हाईस? आं? कसं सुचलं तुला?" त्याचेही डोळे भरलेले. मी त्याच्या खांद्यावर तोंड उघडलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ आला. त्यानं घाईनं पुढं केलेल्या तळहातावर दात पडला.

ताईनं कपाळावर हात मारला. अजून चार दिवसांचं शूटिंग बाकी होतं, आणि ते सगळं सकाळचं, म्हणजे दात असतानाचं.

दिग्दर्शकानं मला खाली ठेवलं. "कवापासनं हलत हुता?"

"नवव्या दिवसापासनं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी काढून टाकलं असतं."

त्यानं आईकडं बघितलं. आई पुढं आली. "मला ठावं हुतं," ती म्हणाली. "पोरीला बोलू नका. मीच गप बसवलंतं तिला."

मला वाटलं, तो ओरडणार. तो ओरडला नाही. लांब जाऊन टेकाडाकडं तोंड करून उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "उद्या कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरकडं जाऊ. खोटा दात बसवतील." मग गुडघ्यावर बसून मला म्हणाला, "आजच्या शॉटाचं कुणाला बोलायचं न्हाय. दात पडलावता हे कळलं की लोकं तेच बघत बसतील. तू मनानं गप बसलीस, असंच म्हणायचं. कळलं?"

मी मान हलवली. आणखी एक न बोलायची गोष्ट.

खोटा दात बसला. तो लावला की 'स'ला शीळ वाजायची, म्हणून माझी वाक्यं बदलली. दातासाठी शूटिंग थांबलं तेव्हा पप्पांना आईनं फोनवर सांगितलं, दोन दिवस सुट्टी हाय. घरी गेल्यावर त्यांनी खिंड बघून विचारलं, "दात कवा पडला?" आई म्हणाली, "शेवटल्या दिवशी." पप्पांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

पुढच्या वर्षी चित्रपट लागला. कोल्हापुरातल्या थेटरात आमची सगळी गल्ली आली होती. शेवटचा शॉट आला आणि शेजारच्या काकू हुंदके द्यायला लागल्या. वर्तमानपत्रांत माझ्या त्या न बोलण्यावर लिहून आलं. एवढ्या लहान वयात मौनाची एवढी समज कुठून आली, असं. मला पुरस्कार मिळाला. मुंबईला स्टेजवर एका बाईंनी विचारलं, "बाळा, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?" आईचा हात माझ्या पाठीवर होता. मी पाठ केलेलं म्हटलं, "मनात म्हस आणली." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. तेच वाक्य मी दोन वर्षं म्हणत राहिले. प्रत्येक वेळी वाटायचं, गर्दीतून कुणीतरी उठेल आणि म्हणेल, हिचा दात पडलावता.

मोठ्यानं ओरडते म्हणून मला निवडलं होतं. आता ज्यांचे फोन यायचे त्यांना गप बसणारी पोरगी हवी असायची.

दुसरा चित्रपट मी दहा वर्षांची असताना आला. दिग्दर्शक वेगळा, मोठा, मुंबईचा. या वेळी आईला जमलं नाही. लग्नसराईची शिलाई तिनं घेऊन ठेवली होती, म्हणून पप्पांनी रजा काढली. शूटिंग कागलच्या अलीकडं एका एसटी थांब्यावर होतं. आई घर सोडून एसटीनं निघते आणि पोरगी थांब्यावर उभी राहून बघते, असा प्रसंग. संवाद नाही. दिग्दर्शक मला म्हणाला, "बेटा, वही लुक चाहिए, वो भैंसवाला."

मी उभी राहिले. एसटी गेली. "कट. पुन्हा." एसटी वळून आली, पुन्हा गेली. पुन्हा जमलं नाही. अकराव्या टेकला एसटीचा ड्रायव्हर कंटाळून खाली उतरला. मी ओठ मिटत होते, डोळे मोठे करत होते, म्हैस आठवत होते. आत काहीच नव्हतं. कारण त्या दिवशीही माझ्या आत दुसरंच होतं. चौदाव्या टेकनंतर दिग्दर्शक कुणाला तरी म्हणाला, "इससे नहीं होगा." मला हिंदी तेवढी कळत होती.

पप्पा मला थांब्यामागच्या चिंचेखाली घेऊन गेले. पाण्याची बाटली दिली. मी प्याले नाही. मी म्हटलं, "पप्पा, मला अभिनय येत न्हाय."

"कोण म्हणतंय?"

आणि मी सगळं सांगितलं. शेंगदाणा, दुधातली भाकरी, फोनवरचं 'मजेत हाय', रक्त, दिग्दर्शकाचा शर्ट. सांगताना माझी उचकी थांबेना. पप्पांचा चेहरा हळूहळू दगड होत गेला. ते माझ्यावर रागावले नव्हते, ते मला कळत होतं. राग कुणावर होता तेही कळत होतं, आणि मी आईला पकडून दिलंय असं वाटून मला आणखी रडू आलं.

बराच वेळ ते हाताची बोटं मोडत बसले. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. ही एसटीतली आई चाललीया. तुला तिला काय म्हणायचं असतं?"

"संवाद न्हाय पप्पा यात."

"मी संवाद न्हाय इचारला. तुला काय वाटतंय?"

मी विचार केला. "तिनं डबा घेतला न्हाय. वाटंत भूक लागंल तिला."

"मग सांग की. तुला गप बसाय सांगणारे लई झाले."

पंधराव्या टेकला एसटी सुटली. मी क्षणभर उभी राहिले आणि मग तिच्यामागं पळत सुटले. "आये! डबा ऱ्हायला की गं! वाटंत काय खाशील?" गळ्याच्या शिरा ताणून, माझ्या खिचडीच्या रांगेतल्या आवाजात. ड्रायव्हरनं खरोखर ब्रेक दाबला.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. मग ड्रायव्हरला म्हणाला, आता थांबायचं नाही, काहीही झालं तरी. आणि तोच शॉट पुन्हा घेतला. चित्रपटात तो आहे. त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही. एका वर्तमानपत्रानं तर पहिल्या चित्रपटातली समज या वेळी दिसली नाही असं छापलं. ते वाचून मला बरं वाटलं होतं, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

घरी मात्र वातावरण तापलं. पप्पा चार दिवस आईशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "बोला एकदाचं."

"पहिला फोन मला करायचा ठरलंवतं," पप्पा म्हणाले.

"केला असता तर तुमी पोरीला उचलून घरी आणलं असतंसा."

"व्हय. आणलं असतं."

"म्हणून न्हाय केला."

पप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. आई त्यांच्या नजरेला नजर देऊन बसली होती. "माझं चुकलं," ती म्हणाली. "पर मला परत तसंच वागावं लागलं तर मी काय करीन, ते मला आजबी सांगता येत न्हाय." पप्पांनी आमटीचं पातेलं तिच्याकडं सरकवलं.

त्यानंतर फोन पप्पा घ्यायला लागले. तिसऱ्या चित्रपटाचा आला तेव्हा मी शेजारीच अभ्यास करत होते. पलीकडचा माणूस बरंच काही सांगत होता. पप्पा म्हणाले, "पोरीला इचारतो आन सांगतो." मग फोन हातानं झाकून त्यांनी मला विचारलं. आधी कुणी विचारलं नव्हतं. मी नको म्हणाले. ते फोनवर म्हणाले, "न्हाय जमणार." आणि ठेवून दिला.

आई शिलाई मशीनवरून आमच्याकडं बघत होती. तिचा पाय पायडलवर थांबला होता. तिनं सुई वर घेतली, कापड फिरवलं आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

चौथ्या चित्रपटातली पोरगी बडबडी होती. त्याला मी हो म्हणाले.